नाटकाची संहिता आधी मंडळाकडे का न्यायची?

तिसरी घंटा:
महाराष्ट्रात नाटक करायचं तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यायची, ते सांगतील ते शब्द गाळायचे आणि प्रमाणपत्र मिळाल्यावरच पडदा उघडायचा. कादंबरीला हे लागत नाही, अग्रलेखाला लागत नाही, वेबमालिकेलाही लागत नाही. इंग्रजांचा १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा २०१८ मध्ये रद्द झाला, पण पोलीस कायद्याखालचे आपले नियम तसेच आहेत. अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये याच नियमांना उच्च न्यायालयात आव्हान दिलं. माझं स्पष्ट मत आहे की ही पूर्वतपासणी बंद व्हावी. प्रौढांसाठीचं नाटक असेल तर जाहिरातीत तसं छापा, तिकीटखिडकीवर लिहा, एवढं पुरे.

ठाणेकर निर्माता:
मी पूर्ण असहमत. नाटकावर पैसे लावणाऱ्याच्या बाजूने बघा. नेपथ्य उभं राहिलेलं असतं, नाट्यगृहाच्या तारखा मिळालेल्या असतात, कलाकारांच्या मालिकांचं चित्रीकरण सांभाळून दौरा ठरलेला असतो. अशात कुणी उठून म्हणालं, आमच्या भावना दुखावल्या, तर माझ्याकडे दाखवायला काय आहे? ते प्रमाणपत्रच. दोन शब्द गाळून चाळीस प्रयोग निर्धास्त होणार असतील तर मी ते गाळीन.

तिसरी घंटा:
दादा, तुमची काळजी खरी आहे, पण तो कागद तुम्हाला वाचवतो कुठे? ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ला प्रमाणपत्र होतं, तरी १९९८ मध्ये राज्य सरकारने प्रयोग थांबवले. बंदी उठायला २००१ उजाडलं, तीही न्यायालयात. मला त्या नाटकाचा विचार मुळीच मान्य नाही, पण रंगमंचावर येण्याचा हक्क त्यालाही आहे. १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’साठी दिग्दर्शक कमलाकर सारंगांनाही न्यायालयातच जावं लागलं, आणि तिथे त्यांची अडवणूक मंडळानेच केली होती. म्हणजे वाचवलं दोन्ही वेळा न्यायालयाने.

ठाणेकर निर्माता:
आणि पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातलं २०२४ चं प्रकरण? विद्यार्थ्यांचा प्रयोग उधळला आणि अटक झाली ती विभागप्रमुखांना आणि त्याच मुलांना. संहिता आधी तपासलेली असती तर पोलिसांना दहा वेळा विचार करावा लागला असता.

तिसरी घंटा:
तिथे चूक प्रयोग उधळणाऱ्यांची होती. आता परीक्षेच्या प्रयोगाचीही संहिता मुलांनी मंडळाला दाखवायची का? त्यांनी शिकायचं कुठे मग? आणि ज्याला गुन्हा वाटतो त्याच्यासाठी भारतीय न्याय संहितेची १९६ (गटागटांत वैर पसरवणं) आणि २९९ (धार्मिक भावना दुखावणं) ही कलमं आहेतच की. तक्रार करा, पुरावा द्या, न्यायालय ठरवील. आधीच लाल शाई फिरवली की लिहिणारा पुढचं नाटक लिहितानाच घाबरतो. जे वाक्य त्याने कागदावर उतरवलंच नाही त्याची कुठे नोंदही राहत नाही. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

कुडाळकर:
आमच्या दशावताराचं काय करणार? संहिता नसतेच. संध्याकाळी आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात आणि संवाद रंगमंचावर जागच्या जागी सुचतात. राजा आणि राक्षस समोरासमोर आले की गावातल्या रखडलेल्या रस्त्याचाही विषय निघतो. तमाशातली बतावणी तशीच. नियमांच्या नावातच मेळे आणि तमाशे आहेत. जे लिहिलेलंच नाही ते आधी तपासणार कसं?

सुजाण प्रेक्षक:
कुडाळकर, लोककलेला सूट द्या, कोण नको म्हणतंय. पण व्यावसायिक नाटकाला तपासणी हवीच. वाक्य घरी एकट्याने वाचणं आणि भरलेल्या सभागृहात जिवंत माणसाच्या तोंडून ऐकणं यात फार अंतर आहे. समाज आधीच तापलेला आहे. ठिणगी पडल्यावर न्यायालयाचा निकाल येईपर्यंत दुकानं जळून जातात, आणि ती सामान्य माणसांची असतात.

तिसरी घंटा:
ताई, ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची मोडतोड झाली तेव्हा विनोदवीर कुणाल कामराच्या त्या कार्यक्रमाची चित्रफीत सगळ्यांच्या फोनवर होती. तोडफोड करणारे खुर्चीत बसून ऐकता ऐकता बिथरले नव्हते, ते ठरवून आले होते. त्यांना आवरणं पोलिसांचं काम आहे. ते होत नाही म्हणून लेखकाचं वाक्य कापायचं, हे मला पटत नाही.

ठाणेकर निर्माता:
पोलीस दारात उभे राहतील असं लेखी द्या, मी उद्या प्रमाणपत्राचा आग्रह सोडतो.

तिसरी घंटा:
मग ती मागणी आपण दोघांनी मिळून करू. निर्माता संघाच्या पुढच्या बैठकीत तुम्ही विषय मांडा, मसुदा मी लिहून देते.