घड्याळाचे काटे वर्षातून दोनदा का फिरवायचे?

न्यूजर्सीकर:
मार्चचा दुसरा रविवार झाला, म्हणजे अमेरिकेत ‘डेलाइट सेव्हिंग’ सुरू: उजेड वाचवायला घड्याळं तासभर पुढे करायची ती उन्हाळी वेळ; नोव्हेंबरात परत मागे. मोबाइल आपापला तासभर पुढे गेला; मायक्रोवेव्ह, भिंतीवरचं घड्याळ आणि बाबांचं चावीचं एचएमटी मी हाताने पुढे केलं. गाडीतल्याला हात लावत नाही, नोव्हेंबरात ते आपोआप बरोबर येतं! खरा घोळ फोनचा. जेवणाच्या सुट्टीत बाराला फोन लावला की पुण्यात आता साडेनऊ. थंडीत तोच फोन साडेदहाला जातो, आई घोरत असते. माझं मत स्पष्ट आहे: हिवाळी, म्हणजे मूळ वेळच बारा महिने ठेवा.

सिएटलचा_पाऊस:
अजिबात नको. जूनमध्ये इथे सव्वापाचला उजाडतं, तेही तास पुढे ढकलून. तुमचं ऐकलं तर सव्वाचारला तोंडावर ऊन. संध्याकाळी नऊपर्यंत मुलं अंगणात असतात, त्याचं काय? उलट उन्हाळी वेळच कायम करा. 2022 मध्ये सिनेटने तसं विधेयक मंजूरही केलं होतं.

न्यूजर्सीकर:
आणि प्रतिनिधिगृहात ते अडलं. 1974 च्या जानेवारीत हाच प्रयोग करून झालाय. मुलं अंधारात शाळेला जायला लागली तसे पालक भडकले आणि ऑक्टोबरात तो गुंडाळला. तुमच्याकडे तर डिसेंबरात सूर्य नऊच्या सुमारास उगवेल.

फीनिक्सवाली:
अ‍ॅरिझोना 1968 पासून यात नाही (नावाहो आदिवासींचा भाग सोडून). जुलैत इथे सूर्य कधी एकदाचा मावळतो असं होतं, आणखी तासभर ऊन कोणाला हवंय? पण सुटका नाहीच. घड्याळ आमचं हलत नाही, न्यूयॉर्कवाल्यांच्या मीटिंगा हलतात.

दादरकर:
आपल्याकडेही महायुद्धात, 1942 ते 1945, घड्याळं तासभर पुढे होती. पण मुंबईत सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत जेमतेम सव्वादोन तासांचा फरक. वाचवायला उजेड आहेच कुठे? शिवाय मुंबईकर मुळातच हट्टी. 39 मिनिटं मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ त्यांनी देशाची वेळ एक झाल्यावरही कित्येक वर्षं सोडली नव्हती.

काटेकोर:
मी वेगळाच विरोध करतो. हे दोन रविवार नसते तर लोकांनी घड्याळ कधीच लावलं नसतं. साधं सेलवरचं क्वार्ट्झसुद्धा महिन्याला दहा-पंधरा सेकंद सरकतं, सहा महिन्यांत मिनिट-दीड मिनिट. चावीचं तर रोज. न्यूजर्सीकर, नोव्हेंबरात काटे मागे ओढायचे नसतील तर शनिवारी चावीच देऊ नका, थांबलं की रविवारी लावा. आणि तारखेचं घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीन तारीख बदलायला जाऊ नका, आतल्या चाकांचे दाते जातात.

न्यूजर्सीकर:
बाबांचं बिनतारखेचं आहे, वाचलो. आणि पुण्यात आईने स्वयंपाकघरात दुसरं घड्याळ टांगलंय, आमची वेळ दाखवणारं. ते अजून हिवाळ्यातच आहे. तिचा हात पोचत नाही.