किलपेकचे चर्च खरोखरच बाराव्या शतकातील आहे का?

रंकाळाकाठ, कोल्हापूर
नमस्कार. माझी पुतणी नोकरीनिमित्त इंग्लंडमधील हिअरफर्डशायर परगण्यात राहते. वेल्सच्या सीमेलगतच्या किलपेक या खेड्यातील सेंट मेरी अँड सेंट डेव्हिड या पॅरिश चर्चची छायाचित्रे तिने पाठवली आहेत. वास्तू लहानच, तांबड्या वालुकाश्माची. परंतु दक्षिणेकडील दरवाजाभोवती एकमेकांत गुंतलेल्या वेली व सर्प आणि छपराच्या कडेखाली रांगेने बाहेर आलेली दगडी मुंडकी आहेत. त्यांतील एका दगडावर कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी बसले आहेत. नक्षीची धार इतकी शाबूत आहे की, ती व्हिक्टोरिया राणीच्या काळात नव्याने घडवली असावी, अशी शंका येते. शिवाय एवढ्याशा खेड्याला असे चर्च लाभले कसे?

मंगळवार पेठ
शंका रास्त आहे, कारण एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील शेकडो चर्चचे जीर्णोद्धाराच्या नावाखाली रूप पालटले गेले आणि त्याच संतापातून १८७७ मध्ये विल्यम मॉरिस यांनी जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. किलपेकचा जीर्णोद्धार मात्र त्याआधीच, १८४८ च्या सुमारास, लुईस कॉटिंगहॅम या वास्तुविशारदाने केला आणि तो बराच संयमाने केला. पश्चिमेच्या टोकावरील घंटेची कमान तेव्हाची आहे. शिल्पे मूळचीच, साधारण ११४० ची आहेत.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चर्चच्या पश्चिमेला लागूनच आहे. तेथे जो मातीचा उंचवटा दिसतो, तो नॉर्मन, म्हणजे अकराव्या शतकात फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या लोकांतील, सरदाराच्या गढीचा. चर्च त्याच घराण्याच्या ह्यू या सरदाराच्या आश्रयाने उभे राहिले. पुढे गढी ओस पडली आणि गावाची भरभराट थांबली. माझ्या मते चर्च वाचले ते यामुळेच. सफक परगण्यात लोकरीच्या व्यापारातून पैसा आला, तेव्हा लॅव्हनम आणि लाँग मेलफर्ड येथील लोकांनी जुनी चर्च जवळजवळ संपूर्ण नव्याने बांधली, भिंतीभर उंच खिडक्या काढल्या आणि नॉर्मन काम त्यात नाहीसे झाले. किलपेकला तेवढी ऐपत नव्हती. म्हणून सभागृह, त्यापुढे वेदीचा भाग आणि पूर्वेला अर्धवर्तुळाकार टोक, हा बाराव्या शतकातील आराखडा तसाच राहिला.

खिद्रापूर रस्ता
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण सगळे श्रेय गरिबीला देता येणार नाही. दगडही चांगला निघाला. त्याच परगण्यातील शॉबडनचे चर्च याच शैलीच्या शिल्पकारांनी घडवले होते. अठराव्या शतकाच्या मध्यास ते पाडून त्याच्या कमानी केवळ शोभेसाठी टेकडीवर उघड्यावर रचल्या गेल्या आणि आज त्यांवरील नक्षी पावसापाण्याने पार पुसट झाली आहे. त्यांतील मधली कमान मुळात चर्चच्या आतली होती, हे विशेष. आपल्या खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचे काळ्या पाषाणातील कामही बाराव्या शतकातलेच. तथापि काळ्या पाषाणाचे मोजमाप वालुकाश्माला लावू नये.

रंकाळाकाठ, कोल्हापूर
आभारी आहे. छपराखाली एक नग्न स्त्रीप्रतिमा आहे, ती थेट लज्जागौरीची आठवण करून देते. या दोहोंत काही नाते असेल का?

मंगळवार पेठ
त्या प्रतिमेला तिकडे शीला-ना-गिग म्हणतात. लज्जागौरी ही पूजेतील देवता आहे, तर ही भिंतीवरील सुमारे ८५ दगडांपैकी एक. तेव्हा साम्य केवळ रूपाचे मानावे. ती वासनेविरुद्धचा इशारा आहे की अनिष्ट टाळण्यासाठी बसवलेली आहे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. छायाचित्रे बहुधा याच शिल्पाची काढली जातात, हे मला थोडे अन्यायाचे वाटते, कारण आत वेदीच्या भागाकडे नेणाऱ्या कमानीचे काम त्याहून सरस आहे. तिच्या दोन्ही बाजूंच्या स्तंभांवर संतांच्या मूर्ती एकावर एक उभ्या केल्या आहेत. इंग्लंडमध्ये ही मांडणी विरळा असून स्पेनमधील सान्तियागो येथील यात्रेहून परतलेल्यांनी ती कल्पना आणली असावी, असे मानले जाते. पुतणीला सवड असेल तर त्याच परगण्यातील अर्डिस्ली येथील बाप्तिस्म्याचे दगडी पात्रही पाहण्यास सांगावे. किलपेकच्या दरवाजाच्या स्तंभावर वेलींत अडकलेले योद्धे आहेत. अर्डिस्लीच्या पात्रावर तशाच गुंत्यात दोन योद्धे एकमेकांशी लढताना दिसतात, आणि ते डोळ्यांच्या अगदी जवळून पाहता येतात.