नववीच्या मुलांना अमूर्त शिल्प शिकवावं का?

कलाशिक्षक, रावेर
ग्रेड परीक्षांपायी आमचं वर्ष वस्तुचित्र नि स्मरणचित्रात जातं. यंदा नववीला महिनाभर अमूर्त शिल्प दिलं, तर 'पोरांना वेडंवाकडं करायला शिकवता' असं ऐकावं लागलं. मला वाटतं, अमूर्त म्हणजे काहीही नव्हे. एक गोष्ट घट्ट धरायची आणि बाकीचं काढत जायचं.

एका मुलाने वादळात पडलेली घरची केळीबाग घेतली. आधी शाडूची केळ केली, पानं-घडांसकट, खेळण्यासारखी. मी विचारलं, "सकाळी बांधावर गेलास तेव्हा पहिलं काय दिसलं?" म्हणाला, "सगळ्या एकाच अंगाला झोपलेल्या." मग पानं गेली, घड गेले. फळीवर पऱ्हाटीच्या तीसेक काड्या, साऱ्या एकीकडे कललेल्या, एकच उभी. ती त्याने तीनदा उपटली. मधोमध रोवली की कळसासारखी मिरवायची. शेवटी कडेला लावली.

मूर्तिकार, चाळीसगाव
सर, ही हकिगत सांगितली नसती तर मला काड्याच दिसल्या असत्या. अर्थ शिल्पात आहे की तुमच्या बोलण्यात? मी पोळ्याचे बैल करत वाढलो. वशिंड चुकलं की गिऱ्हाईक तोंडावर सांगतं, तिथे हात तयार होतो. अमूर्तात चूक कोण दाखवणार? अमूर्त शिल्पांसाठी गाजलेल्या रुमानियाच्या ब्रांकुशीनेही बुखारेस्टला शिकताना कातडी सोललेल्या माणसाचा पुतळा केला, स्नायू अन् स्नायू दाखवून. पंख-चोच गाळलेला तो अमूर्त पक्षी नंतर.

कलाशिक्षक, रावेर
ब्रांकुशीचं मान्य. पण त्याच पक्ष्याला १९२६ साली न्यूयॉर्कच्या जकातवाल्यांनी शिल्प मानलं नाही. स्वयंपाकाच्या भांड्यांच्या सदरात घालून ४० टक्के कर लावला. १९२८ मध्ये कोर्टाने ते शिल्पच ठरवलं. चूक अमूर्तातही दिसते. मधली काडी चुकली होती, आणि ते वर्गातल्या पोरांनीच सांगितलं. शेंदूर फासलेल्या तांदळ्याला नाक-डोळे नसतात, तरी आपण हात जोडतोच ना?

पालक, यावल
तांदळ्याचं पटलं नाही सर. तिथे पिढ्यांची श्रद्धा आहे, दगडाला पुरावा द्यावा लागत नाही. माझी मुलगी शाळेतून तारेचं वेटोळं घेऊन आली, नाव 'माणुसकी'. यात माणुसकी कुठे, विचारलं तर रडवेली झाली. विषयच तसा मिळाला होता. लेकराने काय करावं?

कलाशिक्षक, रावेर
ताई, तांदळ्याचा दाखला मागे घेतो. गेल्या वर्षी मीही 'शांती' दिली होती, निम्म्या वर्गाने कबुतर केलं. आता विषय देत नाही, स्वतः पाहिलेला प्रसंग मागतो. नावाची चिठ्ठीही लावू देत नाही.

मूर्तिकार, चाळीसगाव
मग फोटो टाका, चिठ्ठीशिवाय. बघून सांगतो वारा दिसतो का. तरी माझं म्हणणं तेच, आधी बैल करू द्या. आणि काड्या नुसत्या गोंदावर उभ्या असतील तर आठ दिवसांत गळतील. फळीत तिरकं भोक पाडायला शिकवा, जेवढा कल तेवढं तिरकं.