रेशमाच्या मागावरून सिमल्याच्या टेकडीवर: जीझस अँड मेरीच्या सिस्टर वाट सोडून गेल्या का?

दांडियाबाजारकर
बडोद्यात जीझस अँड मेरीची मुलींची शाळा आहे, आपल्याकडच्या कितीतरी लेकीसुना तिथे शिकल्या. पण ती चालवणारा कॅथलिक ननांचा हा संघ निघाला कशासाठी? १८१८ साली फ्रान्समधल्या लियों शहरात क्लोदीन तेव्हने हिने तो काढला, तो टाकून दिलेल्या, निराधार पोरींसाठी. शहर रेशमाचं, म्हणून पोरींना रेशमाचं काम शिकवायचं आणि जोडीला लिहिणं-वाचणं. आधी पोटाची सोय. १८४२ ला सिस्टर आग्र्यात आल्या, १८६४ ला सिमल्यात शाळा निघाली. त्याच वर्षी व्हाइसरॉय लॉरेन्सने सिमला उन्हाळी राजधानी केली, हे लक्षात घ्या. साहेब डोंगर चढले, मागोमाग शाळा चढली. पुढे साहेब गेले आणि बाकांवर फी भरणारे आपण आलो. मूळ मुलगी कुठे गेली?

रावपुऱ्याची
साफ असहमत. १८२० मध्ये संघ लियोंच्या फुर्व्हिएर टेकडीवर गेला. तिथे निराधार मुलींचा आश्रम होता आणि सधन घरच्या मुलींचं बोर्डिंगही होतं. दोन्ही क्लोदीनच्याच हयातीत. मग सिमल्यात नवीन काय घडलं?
आणि ती बाई कोणत्या दिवसांतून गेली तेही बघा. १७९३ मध्ये लियों क्रांतिसरकारविरुद्ध उठलं, वेढा पडला, शहर पडलं. जानेवारी १७९४ मध्ये तिच्या दोन भावांना गोळ्या घातल्या. ती जेमतेम एकोणीस वर्षांची. ‘आम्ही क्षमा केली, तशी तूही कर’ हा त्यांचा शेवटचा निरोप, असं संघात सांगतात. अशा बाईवर साहेबांची मर्जी राखल्याचा आळ?

दांडियाबाजारकर
आळ तिच्यावर नाहीच, ती १८३७ लाच वारली. बोर्डिंग होतं हे मान्य. पण आश्रम आणि बोर्डिंग वेगवेगळे होते ना? बोर्डिंगची मुलगी मागावरच्या मुलीशेजारी बसली असती तर मी हा धागा काढलाच नसता.

वाडीवाले
धर्मांतरावर कोणीच बोलणार नाही का?

रावपुऱ्याची
त्यावर वेगळा धागा काढा, तिथे येते भांडायला.

जुना_बडोदेकर
पैशाचं कोणी बोलत नाहीये. सयाजीरावांनी १८९३ ला अमरेलीत आणि १९०६ ला सगळ्या राज्यात शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलींसकट. पण त्यांच्याकडे सारा गोळा करणारं अख्खं खातं होतं. सिस्टरांकडे काय होतं? फी घेतली नाही तर शाळा चालणार कशी? फुकट शाळा हे सरकारचं काम, ते ननच्या गळ्यात मारू नका.

दांडियाबाजारकर
काका, १८४८ ला पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या ज्योतिराव-सावित्रीबाईंकडे कुठलं खातं होतं?

जुना_बडोदेकर
खातं नव्हतं म्हणूनच त्यांना निधीची ओढाताण झाली. त्यांची थोरवी कबूल. पण संस्था दोनशे वर्षं चालवायची तर रोजच्या खर्चाचा हिशेब लागतो.

रावपुऱ्याची
बरोबर. आणि १९९३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी क्लोदीनला संत ठरवलं, तेव्हा काही सिमल्याची शाळा बघून नाही ठरवलं.

दांडियाबाजारकर
संतपदाला माझी हरकत नाही. माझा सवाल प्रवेशयादीचा आहे. त्यावर अजून कोणी उत्तर दिलेलं नाही, काकांनी फक्त खर्च सांगितला.