धप्पा! तुमच्या लपून मारणाऱ्या हिरोची डेव्हलपर्सनी वाट लावली तेव्हा काय केलंत?

कोपऱ्यातला पीसी
काल भाचा लॅपटॉपवर डोटा (दोन टीमच्या लढाईचा गेम) खेळत होता. म्हणाला मामा तुझा रिकी (त्यातला माझा जुना हिरो) लावतो बघ. लावला आणि मी पाचच मिनिटात उठून बाल्कनीत गेलो. हा माझा रिकी नाहीच.
२००८-०९, कोथरूडचा कॅफे, तासाला वीस रुपये, वॉरक्राफ्ट थ्रीवरचा जुना डोटा. माझा हात पहिल्यापासून स्लो, दुसरा कुठलाही हिरो घेतला की टीममधली पोरं आईबहीण काढायची. रिकीमारूला (रिकीचं तेव्हाचं नाव) मात्र सहावी लेव्हल झाली की कायमचं गायब होता यायचं. झाडीत गप उभं राहायचं, समोरचा अर्ध्या रक्तावर घरी निघाला की धूर टाकायचा (त्यात त्याला जादू करता येत नाही) आणि मागून धप्पा. पलीकडच्या रांगेतून "आयला हा कुठून आला" असा आवाज आला की वीस रुपये वसूल. मग कोणीतरी जेम (गायब झालेला दाखवणारी वस्तू) घ्यायचा आणि आपला खेळ खल्लास, ते पण मान्य होतं.
डोटा टू आल्यावर त्याच्या सरकारी कारकुनासारख्या बदल्या सुरू झाल्या. गायब होणं कधी अल्टिमेट (हिरोची सगळ्यात मोठी स्किल), कधी साधी स्किल, परत अल्टिमेट. मध्येच एक गरागरा फिरून सगळ्यांना मारायची स्किल दिली. अरे ज्याला गर्दीत घुसायचंय त्याला अॅक्स आहे ना! मी तेव्हा विरोध वगैरे केला नाही, नुसता खेळायचा बंद झालो. तुमच्यापैकी कोणी भांडलंय का? लिहा.

खडीसाखर
मी भांडलेय!! वॉवमध्ये (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट) रोग होते, म्हणजे लपून मारणारी rogue, त्यातली कॉम्बॅट प्रकारातली, सात वर्षं. २०१६ ला गेमचा नवा भाग लीजन आलं आणि कॉम्बॅटचं आउटलॉ करून टाकलं, हातात पिस्तूल आणि वर ते रोल द बोन्स, म्हणजे फासे टाकायचे आणि जे पडेल ते वरदान घ्यायचं. चांगलं पडलं तर तुम्ही राजा, नाही पडलं तर परत टाका परत टाका. मला रोग आवडायचा कारण सगळं मोजून मापून, एनर्जी किती, कॉम्बो पॉइंट (वार करून साठवायचे गुण) किती, विष कधी संपेल, आणि ह्यांनी माझ्या हातात सापशिडी दिली. ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये बसून हे एवढं मोठं पोस्ट लिहिलं इंग्लिशमध्ये, नवऱ्याने ग्रामर तपासून दिलं. तीन उत्तरं आली. त्यातलं एक "आधी खेळायला शिक". कुकर झाला, येते नंतर.

मेजवाला
रोग म्हणजे रोगच. नावातच लिहिलंय.

खडीसाखर
आला लगेच! किती वेळा मेलास रे माझ्यासारख्यांच्या हातून 😂

मेजवाला
मोजले नाहीत ताई. मी मेज, म्हणजे जादूगार. वॉवमधल्या स्ट्रँगलथॉर्नमध्ये वाघ मारतोय, बाजूला कोणी नाही, आणि एकदम रोगचा चीप शॉट (सुन्न करणारा वार), चार सेकंद गप. मग किडनी शॉट, पाच पॉइंटचा असेल तर अजून सहा. दहा सेकंद मी माझंच मरण टीव्हीवर बघितल्यासारखं बघायचो, सुटकेचं ब्लिंक आधीच वापरलेलं असलं की एक बटण चालत नाही. त्यात बिल्डिंगमधलं नेट, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) तीनशे. मग भुताच्या रूपात धावत जाऊन प्रेत शोधा, उठा, तर तो तिथेच उभा, परत गायब. तुम्हाला मजा येत होती ती आमच्या खर्चाने. डेव्हलपर्सकडे तक्रारी गेल्या त्या आमच्याच, आणि मला काडीचं वाईट वाटत नाही.

कोपऱ्यातला पीसी
मुद्दा आहे राव. लपाछपीत राज्य नेहमी एकावरच आलं तर तो पण घरी जाणारच.

चिंगूचा बाबा
कोथरूडचा कॅफे म्हणजे तो जिना चढून वर, खाली भेळवाला, तो का?? काळा पडदा लावलेला?

घाटाखालचा
तीनशे पिंगचं रोगवाल्याचं दुःख पण ऐका की. बॅकस्टॅबला पाठीमागेच असावं लागायचं. मला त्याची पाठ दिसायची, सर्व्हरच्या मते तो कधीच वळलेला असायचा. निम्मे वार "तुम्ही मागे असायला हवं" ह्या मेसेजवर गेले. तरी खेळलो, येडाच होतो.
आणि एक गोष्ट कोणी लिहिली नाही, कुलपं. कुलूप उघडायची स्किल वेगळी वाढवावी लागायची. वॉवमधल्या रेडरिजला आल्थर्स मिलमध्ये सरावाच्या पेट्या असायच्या, चार पाच रोग तिथे वाकून बसलेले, एक पेटी उघडली की दुसरीसाठी रांग. कोणी कोणाशी बोलायचं नाही, रेशनच्या दुकानासारखं. मग शहरात चौकात उभं राहून लोकांच्या पेट्या फुकट उघडून द्यायच्या, कोणी खुशीने चार चांदीची नाणी द्यायचं. वॉवचा कॅटक्लिझम भाग आल्यावर ते स्किल लेव्हलबरोबर आपोआप वाढायला लागलं. सगळे म्हणाले बरं झालं कटकट गेली. मी पण म्हणालो. आता त्या पेट्याच आठवतात.

खडीसाखर
अगदी! बाय द वे एक बदल मात्र चांगला होता, आधी कॉम्बो पॉइंट शत्रूवर चिकटायचे, दुसऱ्याकडे वळलं की हातात भोपळा. २०१४ मध्ये ते आपल्या स्वतःवर आले. तेव्हा पण जुने लोक रडले होते, मी नव्हते रडले.

सिंगापूरकर नाही
लीग ऑफ लेजेंड्स (डोटासारखाच गेम), त्यातली एव्हलिन. माझी एव्हलिन पहिल्या लेव्हलपासून लपायची, तिसऱ्या लेव्हलला वरच्या लेनमध्ये जाऊन बसायचं आणि समोरच्याला कळायच्या आत काम तमाम. २०१७ च्या शेवटी नवीन एव्हलिन आली, दिसायला एकदम भारी, पण लपणं सहाव्या लेव्हलपासून. तोपर्यंत जंगलात उघड्यावर फिरा, कोणीही येऊन मारून जातं. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांना नवीन आवडली. मी एकटा बोंबलत होतो. नवीन मुलांना जुनी कशी होती सांगायला जावं तर ती आजोबांकडे बघतात तसं बघतात, मी तेहतीसचा आहे.
त्याच गेममधल्या अकालीचा धूर आठवतो का कोणाला? २०१८ च्या नव्या रूपात तिला धुरात टॉवर पण बघू शकत नव्हता. ते मात्र काढलं ते योग्यच केलं, मी स्वतः अकाली खेळून म्हणतोय 😅

मावशीचा मोबाईल
टीएफ टूचा (टीम फोर्ट्रेस टू, गोळीबाराचा गेम) स्पाय. २०१७ चा जंगल इन्फर्नो अपडेट. अँबॅसेडर रिव्हॉल्व्हरने लांबून डोक्यात मारलं की मिळणारा क्रिटिकल (जास्तीचा मार) लांबून मिळेनासा केला. एक बरी गोष्ट येत होती आयुष्यात. बाकी नंतर लिहिते, पोराची आंघोळ.

चिंगूचा बाबा
अहो कोपऱ्यातले, सांगा की, तोच कॅफे का?

कोपऱ्यातला पीसी
तोच! काळा पडदा, आणि सात नंबरच्या मशीनचा ई चालायचा नाही.

चिंगूचा बाबा
अरे मी सात नंबरवर बसायचो रे!!! आता तिथे मोबाईल कव्हरचं दुकान आहे. तू पलीकडून मागून मारणारा तूच का, निळा टीशर्ट?

पॅचवाला
मी दुसऱ्या एका गेमच्या टीममध्ये आहे, नाव नको. थोडं आमच्या बाजूने. लपणारा हिरो बॅलन्स करणं महाकठीण. नवशिक्यांमध्ये तो कत्तल करतो कारण त्यांना डस्ट, वॉर्ड (लपलेला दाखवणाऱ्या वस्तू) घ्यायचं सुचत नाही. वरच्या लेव्हलला पहिल्या मिनिटात वॉर्ड पडतात, त्याला कोणी घेत नाही. खालच्यांसाठी कमजोर केला तर वरून मरतो, वरच्यांसाठी वाढवला तर खालचे गेम सोडतात. म्हणून लपणं थोडं काढून घ्यायचं आणि बदल्यात मारामारी द्यायची, हा सोपा मार्ग. सोपा म्हणतोय, बरोबर म्हणत नाहीये.

घाटाखालचा
म्हणजे मांजर काढून कुत्रा दिला. कुत्र्याबद्दल तक्रार नाही हो, पण मी मांजर पाळलं होतं.

मेजवाला
२०१९ ला वॉवचं क्लासिक आलं की सगळं जुनं घेऊन, मग का नाही खेळत?

घाटाखालचा
खेळलो ना. रजा टाकली होती. आल्थर्स मिलला गेलो, पेट्या तशाच. पण आता सगळ्यांना यूट्यूबवरून पाठ, कुठे उभं राहायचं, किती मिनिटं. अर्ध्या तासात स्किल झाली. शेजारी एक जण वाकून बसलेला, त्याला हाय टाकलं तर उत्तर मराठीत आलं, "भाई डिस्कॉर्डवर ये". नाही गेलो.

कोपऱ्यातला पीसी
@चिंगूचा बाबा निळा टीशर्ट मीच. जेम घेऊन फिरणारा तू होतास का?

चिंगूचा बाबा
मीच 😈 दर वेळी भेळेचे पैसे वाचवून यायचो तुला पकडायला