अकरा ते तीसचे पाढे : पाठ करून घ्यावेत की मांडायला शिकवावेत? (चौघांची चर्चा; प्रत्येक मताआधी लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

उजळणी :
दहापर्यंतचे पाढे मुलांना न अडखळता यावेत, यावर कोणाचा आक्षेप असेल असे वाटत नाही. मतभेद सुरू होतात ते त्यापुढे. अकरापासून तीसपर्यंतचे पाढे रोज म्हणवून घेण्याचा आग्रह मला अनाठायी वाटतो. दोन ते नऊ या संख्यांचे आपापसांतील गुणाकार ६४ भरतात. ७ × ८ आणि ८ × ७ एकच धरले की ३६ उरतात. हे ३६ पक्के असतील, तर कितीही मोठ्या संख्येचा पाढा मांडता येतो, कारण कागदावरचा लांबलचक गुणाकारही शेवटी त्यांच्याच बळावर चालतो. सतरा आठे हवे असतील तर ८० आणि ५६ मिळून १३६. एकोणतीस साते हवे असतील तर २१० मधून ७ वजा जाता २०३. चौदा, सोळा आणि अठराचे पाढे म्हणजे सात, आठ आणि नऊच्या पाढ्यांची दुप्पट.

४७ सारख्या संख्येचा पाढाही अवघड नाही. डावीकडे चारचा पाढा लिहावा, उजवीकडे सातचा. उजवीकडच्या संख्येतील एकक जागेवर ठेवून दशक हातचा म्हणून डावीकडे मिळवावा. सहाव्या ओळीत २४ आणि ४२ येतात, ४२ मधील ४ डावीकडे गेले की २८ आणि २, म्हणजे २८२. मग पाठांतरात घालवलेला वेळ नेमका कशासाठी?

हातचा एक :
वेळ कशासाठी, याचे उत्तर भागाकारात आहे. ५९८३ ला १७ ने भागायचे आहे असे समजा. ज्याला सतराचा पाढा येतो, तो ५९ मध्ये ५१, मग ८८ मध्ये ८५, मग ३३ मध्ये १७ असे पाहत ३५१ भागाकार आणि १६ बाकी येथवर पोहोचतो, आणि त्याचे सगळे लक्ष भागाकाराच्या पायऱ्यांवर राहते. ज्याला पाढा मांडावा लागतो, त्याला प्रत्येक पायरीवर मुख्य काम बाजूला ठेवून एक उपगणित सोडवावे लागते, आणि परत येईपर्यंत आपण कोणता अंक खाली घेतला होता हेच तो विसरतो. मनात एका वेळी धरून ठेवता येतील अशा गोष्टी मोजक्याच असतात.

दुसरे असे की मांडणी एकाच दिशेने चालते. ९१/११९ या अपूर्णांकाला संक्षिप्त रूप द्यायचे असेल, तर ९१ पाहताच ‘तेरा साते’ आणि ११९ पाहताच ‘सतरा साते’ आठवावे लागते, तरच १३/१७ मिळते. ५१, ५७, ८७, ९१ या संख्या वरवर मूळ संख्या वाटतात. त्या तशा नाहीत हे पाढेवाल्या मुलाला लगेच कळते.

उजळणी :
भागाकाराचा मुद्दा वजनदार आहे. अपूर्णांकाचा मात्र पटत नाही. ५१, ५७ आणि ८७ यांच्या अंकांची बेरीज अनुक्रमे ६, १२ आणि १५ येते, म्हणजे तिन्हींना तीनने भाग जातो. ९१ म्हणजे ७० आणि २१. ११९ म्हणजे ७० आणि ४९. दोन्ही ठिकाणी सातचा पाढा पुरला, तेरा किंवा सतराचा लागला नाही. शंभराच्या आतील कोणत्याही संयुक्त संख्येला २, ३, ५ किंवा ७ यांपैकी एकाने तरी भाग जातोच. खरी अडचण २२१ किंवा ३२३ अशा संख्यांची, कारण त्या अनुक्रमे १३ × १७ आणि १७ × १९ आहेत. पण तेरा दाहे एकशे तीसवर थांबणाऱ्या पाढ्यात २२१ येतच नाही.

पाटीपेन्सिल :
मी प्राथमिक वर्गांना शिकवते. येथे ‘पाढा येतो’ याचा अर्थ दोघेही एकच धरत आहेत, पण मुलांच्या बाबतीत तो एक नसतो. पाढा एका दमात म्हणून दाखवणाऱ्या कित्येक मुलांना ‘तेरा साते?’ असे मध्येच विचारले, तर ती ‘तेरा एके तेरा’पासून सुरुवात करतात. त्यांना तो पाढा चालीसकट येतो, त्यातील एखादा गुणाकार सुटा येत नाही. भागाकारात असे पाठांतर मांडणीपेक्षाही हळू पडते. पाठच करून घ्यायचे असेल, तर क्रम मोडून, थोडेथोडे, काही दिवसांच्या अंतराने पुन्हा विचारावे, आणि घड्याळ लावून मुळीच विचारू नये, कारण घाईची भीती बसली की येणारे उत्तरही आठवत नाही.

सीमा कोठे आखायची, हे गणित ठरवत नाही. इंग्लंडमध्ये २०२२ पासून सर्व सरकारी शाळांतील चौथ्या इयत्तेला पाढ्यांची चाचणी सक्तीची झाली. तिच्यात २५ प्रश्न आणि प्रत्येकी ६ सेकंद असतात, पण पाढे बारापर्यंतच. फुटाचे इंच बारा आणि जुन्या शिलिंगचे पेन्सही बारा, हे ध्यानात घेतले की तेथे बाराला एवढे महत्त्व कसे आले ते समजते. साठ हा पाया मानून गणित करणाऱ्या प्राचीन बॅबिलोनियातील मृत्तिकापाट्यांवर एखाद्या संख्येची १ ते २० पट आणि नंतर एकदम ३०, ४०, ५० पट आढळते. ३७ पट हवी असेल, तर ३० पट आणि ७ पट यांची बेरीज करता येते.

हातचा एक :
म्हणजे वीसपर्यंत त्यांनाही तयार पाढाच हवा होता, हे आपणच सांगितलेत!

भागाकार :
मांडणी म्हणजे समज आणि पाठांतर म्हणजे घोकंपट्टी, अशी वाटणी या चर्चेत गृहीत धरली गेली आहे, आणि तिलाच माझा विरोध आहे. ४७ च्या पाढ्याची वर दिलेली दोन रकान्यांची पद्धत मुले तितक्याच यांत्रिकपणे वापरतात. दुसऱ्या ओळीत ८ आणि १४ आले की हातचा न मिळवता सरळ ८१४ लिहितात, आणि ४७ ची दुप्पट शंभराच्या आतच असणार, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. डावीकडचा चार म्हणजे चाळीस आहे, हे ठाऊक नसेल तर ती पद्धतही निव्वळ कृती ठरते. आधी आयत काढून ४० × ३ आणि ७ × ३ असे त्याचे दोन तुकडे दाखवावेत, मुलांना बेरीज करू द्यावी, आणि रकाने त्यानंतर बऱ्याच दिवसांनी द्यावेत. उत्तर लिहिण्यापूर्वी अंदाज सांगायला लावणेही मला पाढ्याइतकेच आवश्यक वाटते.

उजळणी :
आयताचा क्रम मान्य. तरीही रकान्यांत झालेली चूक अंदाजाने पकडता येते; पाठ केलेला पाढा अर्धवट विसरला, तर ज्याने मांडणी शिकलीच नाही त्याच्यापाशी दुसरा मार्ग उरत नाही.

हातचा एक :
मांडणी शिकवू नये असे मी कोठेही म्हटलेले नाही. तेवीसपासून पुढचे पाढे मांडूनच करावेत, फक्त पंचविसाचा पाठ असावा, कारण शेकडेवारीत तो सतत लागतो. एकोणीसच्या पाढ्यात वीसपट करून एकदाच वजाबाकी करायची असते, तेव्हा तोही सोडता येईल. सतरा मात्र नाही. दहापटीत सातपट मिळवा किंवा वीसपटीतून तीनपट वजा करा, दोन्हीकडे हातचा आडवा येतो. सतरा आणि तेरा मी पाठच करून घेईन.