मदत हवी आहे : नाव एकच, नोंदी अनेक, नामसूचीत त्या वेगळ्या कशा दाखवाव्यात?

नमस्कार मंडळी,

विविध विषयांवरील लेखांच्या एका मोठ्या संग्रहाची नामसूची करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. व्यक्ती, स्थळे आणि ग्रंथ-चित्रपटांसारख्या कलाकृती या सर्वांची नावे एकाच सूचीत अकारविल्हे लावायची आहेत. नाव तेच, पण त्यामागची माणसे किंवा गावे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली, अशा नोंदींपाशी काम अडले आहे. सूचीकाम, संपादन किंवा ग्रंथालय यांचा अनुभव असलेल्या सभासदांचे मत हवे आहे.

काही जोड्या सहज सुटल्या. फ्रान्सिस बेकन या नावाचा एक तत्त्वज्ञ १६२६ मध्ये वारला आणि दुसरा, चित्रकार, १९०९ मध्ये जन्मला. नावापुढे कंसात व्यवसाय लिहिला की भागते. विन्स्टन चर्चिल मात्र या युक्तीला दाद देत नाहीत. १८७१ मध्ये जन्मलेले अमेरिकन चर्चिल त्यांच्या काळातले खपाचे कादंबरीकार होते, आणि त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान असलेले ब्रिटिश चर्चिल पंतप्रधान होण्याच्या कितीतरी आधीपासून लेखक होते. एक कादंबरी त्यांच्याही नावावर आहे आणि १९५३ चे साहित्याचे नोबेलही. अमेरिकन चर्चिलही राजकारणात उतरले होते. म्हणजे ‘लेखक’ लिहा नाहीतर ‘राजकारणी’ लिहा, दोघेही हात वर करणार. या दोघांनी १८९९ मध्ये पत्रव्यवहार करून आपसात तोड काढली आणि ब्रिटिश चर्चिल आपल्या पुस्तकांवर मधले नाव लावू लागले, पण आमच्या लेखकांपैकी कोणीही ते मधले नाव वापरलेले नाही.

स्थळांचीही तीच गत आहे. बिलासपूर हा जिल्हा हिमाचल प्रदेशात आहे आणि छत्तीसगडमध्येही आहे, तेव्हा ‘जिल्हा’ हा शब्द निरुपयोगी. राज्याचे नाव दिले की प्रश्न मिटतो. काँगो नावाचे दोन देश तर शेजारी-शेजारी असून त्यांच्या राजधान्या, किन्शासा आणि ब्राझाव्हिल, एकाच नदीच्या समोरासमोरच्या काठांवर आहेत. अशा वेळी देशाच्या नावापुढे राजधानीचे नाव देणे सूचीच्या शिस्तीत बसते का?

सर्वांत जास्त डोकेदुखी ‘वेल्स’ची आहे. कादंबरीकार एच. जी. वेल्स, दिग्दर्शक ऑर्सन वेल्स आणि ब्रिटनमधला वेल्स हा प्रदेश, या तिघांची रोमन लिपीतली स्पेलिंगे वेगवेगळी आहेत, त्यामुळे इंग्रजी सूचीत हा घोटाळा होतच नाही. देवनागरीत मात्र तिघे एका ओळीत येऊन उभे राहतात. त्यात भर म्हणजे ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ या पहिल्याच्या कादंबरीवरून दुसऱ्याने १९३८ मध्ये सादर केलेल्या नभोनाट्यावर एक लेख आहे, आणि त्यात काही ठिकाणी दोघांनाही नुसते ‘वेल्स’ म्हटलेले आहे.

शेवटची अडचण अशी की, काही उल्लेखांवरून नक्की कोण अभिप्रेत आहे तेच कळत नाही. ‘आर्यभट’ म्हणजे इ. स. ४७६ मध्ये जन्मलेले ‘आर्यभटीय’कार की दहाव्या शतकातले ‘महासिद्धान्त’कार? इथे उलटी चूकही होऊ शकते, कारण अकराव्या शतकातला विद्वान अल्-बिरूनी याने ज्या दोन आर्यभटांचा उल्लेख केला, ते दोघे वस्तुतः एकच होते असे गणिताच्या इतिहासाचे अभ्यासक बिभूतिभूषण दत्त यांनी १९२६ मध्ये दाखवले. अशा संदिग्ध उल्लेखांचे काय करावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपला प्रश्न नेमका आहे. मी बरीच वर्षे सूचीकाम करत आलो आहे, त्या आधारावर लिहितो.

ओळखखूण निवडताना ‘ही व्यक्ती कोण’ यापेक्षा ‘याच सूचीतल्या दुसऱ्या व्यक्तीहून ती वेगळी कशाने पडते’ हे पाहावे. बेकनना व्यवसाय पुरतो, चर्चिलना पुरत नाही; तिथे ‘अमेरिकन कादंबरीकार, १८७१–१९४७’ आणि ‘ब्रिटिश पंतप्रधान, १८७४–१९६५’ अशी जोड द्यावी. ग्रंथालयात जन्म-मृत्यूची वर्षे वापरतात खरी, पण नुसत्या वर्षांवरून माणूस ओळखणारा वाचक विरळा, म्हणून वर्णन आधी आणि वर्षे मागून. काँगोपुढे राजधानी अवश्य द्यावी. ती पद्धत रूढ आहे.

कलाकृतींना कर्ता आणि वर्ष दोन्ही लागतात. वेल्स यांची १८९७ ची ‘द इन्व्हिजिबल मॅन’ आणि राल्फ एलिसन यांची १९५२ ची ‘इन्व्हिजिबल मॅन’ या पूर्णपणे भिन्न कादंबऱ्या आहेत, त्यांच्यात फरक फक्त त्या ‘द’चा, आणि अकारविल्हे लावताना आपण नेमका तोच सोडून देतो. एकाच नावाखाली सर्व प्रकार आले तर आधी व्यक्ती, मग स्थळ, शेवटी कलाकृती हा जुना क्रम मला आजही सोयीचा वाटतो.

आपल्या कामाच्या तक्त्यात प्रत्येक नोंदीसमोर एक कायमचा क्रमांक ठेवावा. लेखक-कलावंतांसाठी सोळा अंकी आयएसएनआय (प्रत्येक लेखक-कलावंताला दिला जाणारा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) किंवा सर्वांसाठी विकिडेटा या खुल्या माहितीसंचातला क्रमांक चालेल. तो छापायचा नाही, पण दोन महिन्यांनी पुन्हा तक्ता उघडाल तेव्हा कोणता चर्चिल कोणता, हे नव्याने शोधावे लागणार नाही.

संदिग्ध उल्लेख अंदाजाने कोणाच्याही खात्यात टाकू नयेत. ‘आर्यभट (कोणता ते अनिश्चित)’ अशी तिसरी नोंद करून दोन्ही आर्यभटांच्या नोंदींतून तिच्याकडे ‘पाहा’ असा निर्देश द्यावा. नभोनाट्याच्या लेखाचा दोष मात्र सूचीचा नाही, मजकुराचा आहे. मुद्रितशोधन अजून संपले नसेल तर संपादकांना त्या लेखात प्रत्येक ‘वेल्स’मागे आद्याक्षरे किंवा पहिले नाव घालायला सांगा, आणि त्यानंतरच त्या पानांची सूची करा.